जॉर्जियाचं स्थळ

"ते ऱ्हाऊ द्या ओ ताई. पुढचे आठ कसे हायत?"

एवढं विचारायच्या आधी वजनकाट्यावरचे काका आपला डावा कान अंगठ्यानं दोनदा दाबायचे. तो कान बघून नवीन माणूस दचकायचाच. घाईघाईत मुडपलेल्या करंजीसारखा तो सगळा मुडपलेला होता. कंपनीत नवा मॅनेजर आला म्हणून सांगा, ग्रामपंचायतीला नवं पॅनल उभं राहिलं म्हणून सांगा, नाहीतर कुणाच्या लग्नाला जाऊन आले म्हणून सांगा, काकांचा प्रश्न ठरलेला. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, ह्यांना आठ पोरं असतील आणि ती कुठंतरी चिकटवायची असतील.

मी सुप्याला एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. आमच्या गाड्या आधी रिकाम्या आणि मग भरलेल्या, अशा दोनदा बाहेरच्या वजनकाट्यावर जातात. पावतीत घोळ झाला की मला चालत जावं लागायचं, आणि घोळ आठवड्यातून तीनदा व्हायचा. काका तिथल्या केबिनमध्ये बसायचे. गाव जामखेडच्या बाजूला, नोकरी सगळी फौजेत, लग्न "ऱ्हाऊन गेलं". आई होती तोवर गावाला जायचे, मग तेही थांबलं. सुप्यात एक खोली घेतली होती, तीही झोपण्यापुरती.

फौजेत असताना काका रग्बी खेळले होते. कान त्याच खेळानं तसा केला होता. एका बाजूला पंधरा माणसं, त्यातली धिप्पाड आठ पुढं. ती आठ वाकून, एकमेकांच्या बगलेत हात घालून, समोरच्या आठांना रेटतात. काका त्याला 'रेटा' म्हणायचे. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या गोष्टींचा निकाल रेट्यात लागतो. पळणाऱ्याचं नाव होतं, पण पुढचे आठ ढिले असले तर पळणाऱ्यानं पळायचं कुठं?

सुप्यात हा खेळ एकट्या काकांना माहीत. बाकीच्यांना तो कबड्डीचा बिघडलेला प्रकार वाटायचा. ड्रायव्हर लोक गाडी काट्यावर चढवून खाली उतरले की काका त्यांना गाठायचे, आणि ते बिचारे पावती मिळेपर्यंत मान हलवायचे. तुमच्याही बघण्यात असा एखादा माणूस असेलच, ज्याच्या आवडीला गावात दुसरं गिऱ्हाईक नसतं. आपण त्याला टाळतो. मीही टाळायचे, कशाला खोटं बोलू? पाचच्या ठोक्याला घर गाठायचं असताना न्यूझीलंडचं कौतुक कोण ऐकत बसणार!

ऐकणारा एकच माणूस होता, शेवगावचा. फौजेतला त्यांचा जोडीदार. रेट्यात दोघं शेजारी शेजारी वाकायचे. काका त्यांना अण्णा म्हणायचे. दर चार वर्षांनी विश्वचषक यायचा, आणि त्याच्या आधी महिनाभर अण्णा दर रविवारी एसटीनं नगरला यायचे, तिथून सुप्याला, आणि काट्याच्या केबिनमध्ये दोघांचं 'स्थळं बघणं' चालायचं.

हा शब्द त्यांचाच. वीस देशांच्या वीस चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या. ज्याच्या हाती चिठ्ठी येईल तो मुलाकडचा. त्यानं त्या संघाची वकिली करायची: घर कसं, शिक्षण कसं, पुढचे आठ कसे, यंदा कुठवर मजल मारेल. दुसरा मुलीकडचा. त्याचं काम एकच, खोड काढायची. गुडघा दुखरा आहे, म्हातारे फार आहेत, डोकं तापट आहे. मुलाकडच्यानं उत्तर द्यायचं, की दुसऱ्यानं नवी खोड काढायची. "पसंत आहे" असं मुलीकडच्यानं कधीच म्हणायचं नाही. पसंत म्हटलं की बोलणं संपलं, चिठ्ठी फाडून टाकायची. दोघांनी इतक्या वर्षांत एकही चिठ्ठी फाडली नव्हती.

मागच्या विश्वचषकाच्या आधी अण्णांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, समजतं सगळं, बोलत राहा त्यांच्याशी, कधी शब्द फुटेल सांगता येत नाही. काका रोज फोन करायचे. अण्णांची बायको फोन उशाशी ठेवायची आणि काका एकटेच बोलायचे.

एक दिवस मी पावती घ्यायला गेले तर काकांनी पावती दिली नाही. कान दाबला आणि म्हणाले, "ताई, जरा मुलीकडच्या व्हता का?"

मला आधी कळेना. मग त्यांनी सगळं समजावलं. एकट्यानं वकिली करून अण्णा ऐकत असेल, पण त्यात त्याला तोंड घालावंसं वाटणार नाही. समोर कुणीतरी चुकीचं बोललं पाहिजे. चुकीचं ऐकून अण्णा कधी गप्प बसला नाही. त्याला चीड आली की शब्द येईल.

मी म्हटलं, मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. काका म्हणाले, म्हणूनच तर तुमी पायजे.

तसा माझा अनुभव दांडगा होता म्हणा. लग्नाआधी अकरा जण मला बघून गेले होते, त्यामुळे खोड कशी काढतात हे मला पाठ होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन मी काट्यावर जायला लागले. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. कॅन्टीनमधल्या बायका म्हणाल्या, अगं अधिकात कुणी स्थळं बघतं का? मी म्हटलं, आम्ही बौद्ध, आम्हाला अधिकही नाही आणि उणंही नाही.

फोन स्पीकरवर टेबलावर असायचा. काका वकिली करायचे आणि मी तोंड सोडायचे. न्यूझीलंडवाले खेळायच्या आधी नाचतात कशाला? काम कमी आणि देखावा जास्त, असलं घर नको. आयर्लंडचं दर वेळी साखरपुड्यापर्यंत येतं आणि मोडतं, म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय. दक्षिण आफ्रिकेचे बाकावर बसलेलेसुद्धा सगळे आडदांड, एवढ्यांना जेवायला कोण घालणार? आणि मुळात चेंडू मागं द्यायचा आणि पळायचं पुढं, हा कुठला आलाय खेळ? काका हसून हसून डोळे पुसायचे. मग फोनकडं वाकायचे. "काय अण्णा? पटतंय का ह्यांचं?"

आणि थांबायचे. फोनमधून श्वास ऐकू यायचा. कधी अण्णांच्या घरच्या काकूंनी भांडं ठेवल्याचा आवाज यायचा. काका दहा-पंधरा आकडे मोजावेत इतका वेळ थांबायचे, मग म्हणायचे, बरं, उद्या इटली. ते थांबणं मला सोसायचं नाही. मी उगाच डब्याचं झाकण वाजवायचे.

जॉर्जिया त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तो अण्णांचा जीव की प्राण. छोटा देश, पैसा नाही, नाव नाही, पण रेटा असा की भल्याभल्यांना मागं ढकलतो. आणि एवढं करून हरतो. अण्णांनी तिथलं एक माणूस कधी बघितलं नव्हतं, तरी जॉर्जियाला कुणी नाव ठेवलं की त्यांचं डोकं फिरायचं. एकदा काकांनी ठेवलं म्हणून अण्णा तीन महिने बोलले नव्हते.

आदल्या दिवशी काका मला म्हणाले, "उद्या हात राखू नका ताई. काय येईल ते बोला. उद्या अण्णा बोलंल."

दुसऱ्या दिवशी काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. काट्यावर दोन गाड्या उभ्या होत्या, त्यांना थांबा म्हणाले. फोनवर काकूंना सांगितलं, अण्णाला उशीला टेकवून बसवा. मग त्यांनी जॉर्जियाची बाजू मांडली. काय बोलले काका! हरायचं ठाऊक असून खांदा लावणाऱ्या पोरांबद्दल बोलले. शेजारच्याच्या खांद्यावर हात असला की भीती वाटत नाही, असं म्हणाले. ते जॉर्जियाबद्दल नव्हतं हे मलाही समजत होतं.

माझी पाळी आली. मी रात्री चांगल्या पाच खोडी ठरवून ठेवल्या होत्या. पण फोनमधून अण्णांचा तो घरघरता श्वास येत होता, आणि मला वाटलं, अंथरुणाला खिळलेल्या माणसापुढं त्याच्या आवडीच्या गोष्टीला नावं ठेवायची? आपल्यात आजाऱ्याला भेटायला जातात तेव्हा गोड बोलतात. घरात हेच बघत आले मी. जीभच वळली नाही.

मी म्हटलं, "मला पसंत आहे."

काकांनी माझ्याकडं बघितलं. फोनमध्ये काहीतरी हललं. काकांनी फोन उचलून कानाला लावला, त्या मुडपलेल्या कानालाच. "वहिनी, काय म्हनला?"

काकू म्हणाल्या, काही नाही, डोळ्यातनं पाणी आलंय फक्त.

काकांनी फोन ठेवला, चिठ्ठी घेतली, आणि नीट मधोमध फाडली. मी म्हटलं, काका, उद्या परत करू. मी मोडते हे स्थळ, असं मोडते की बघत राहाल. ते हसले, रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "न्हाई ताई. एकदा पसंत म्हनल्यावर काय उरतं बोलायला?" म्हणाले, आणि खोळंबलेली गाडी पुढं घ्यायला बाहेर गेले.

त्यानंतर मी काट्यावर जायची टाळाटाळ करायला लागले. पावत्यांना शिपाई पाठवायचे. वीस दिवस मी ज्या कामासाठी तोंड वाजवलं, ते ऐन वेळी मीच बुडवलं होतं. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तू चांगलंच तर बोललीस. त्याला काय समजावणार?

विश्वचषक सुरू झाला. जॉर्जियाच्या पहिल्या सामन्याला काकांनी रजा टाकली आणि शेवगावला गेले. दोन दिवसांनी स्वतःच आमच्या गेटवर आले. वॉचमननं मला बोलावलं. काका उन्हात उभे होते.

"ताई, अण्णा बोलला."

काका सांगत होते, सामना बघताना मीच म्हटलं, यंदा जॉर्जियाचा रेटा ढिला हाय, तर अण्णा म्हणाला, 'न्हाई.' साफ म्हणाला. म्हणजे तुमचं काय चुकलं न्हाई बगा, त्याला यायचा तेव्हाच शब्द आला. मला भर गेटात रडू फुटलं. संध्याकाळी सुप्याच्या चौकातून पेढे आणले, काकांना दिले, ड्रायव्हरांना वाटले. त्या स्पर्धेत जॉर्जियाला एकही सामना जिंकता आला नाही, आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

मग काका दर रविवारी शेवगावला जायला लागले. सोमवारी मी आपणहून काट्यावर जायचे. आज अण्णा 'च्या' म्हणाला, आज 'उठव' म्हणाला, असं काका सांगायचे. थंडीत अण्णा गेले. काकांनी आणखी काही महिने काटा सांभाळला, मग गावी निघून गेले. कधीमधी फोन व्हायचा. ह्या उन्हाळ्यात काट्याच्या मालकानं सहज सांगितल्यासारखं सांगितलं, तुमचे काका वारले, आठ दिवस झाले.

मला भेटायला जायचं होतं. पण कुणाकडं जायचं? बायको नाही, पोर नाही, गावातलं कुणी मला ओळखत नाही. माणूस गेल्यावर दार वाजवायला एक घर लागतं. काकांचं असं घर एकच होतं, म्हणून एका रविवारी मी शेवगावची एसटी धरली.

काकू एकट्याच होत्या. मी कोण ते सांगितलं, तर म्हणाल्या, व्हय की, फोनवर बोलायच्या त्या. चहा केला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी म्हटलं, शेवटी शेवटी अण्णा बोलायला लागले, ते एक बरं झालं. काका किती खूश असायचे.

काकूंनी कप खाली ठेवला. "कोन बोललं? ह्यांच्या तोंडातनं जाईपर्यंत एक शब्द फुटला न्हाई ओ."

काकूच सांगत राहिल्या. दर रविवारी पहिल्या गाडीनं दादा, म्हणजे आमचे काका, यायचे. ह्यांच्या खाटंच्या उजव्या अंगाला बसून एका देशाचं चांगलं बोलायचे. मग उठायचे, खाटंला वळसा घालून डाव्या अंगाला जायचे, आणि त्याच देशाला नावं ठेवायचे. परत उठून इकडं. दुपारपर्यंत असं चाललेलं असायचं. मी म्हणायचे, दादा, एका जागी बसून बोला की, गुडघे दुखत्यात तुमचे. तर ऐकायचे नाहीत.

मी विचारलं, "डाव्या बाजूनं काय बोलायचे?"

"त्यातलं मला काय कळतंय? पन तिकडनं बोलताना तुमच्या नावानं बोलायचे. ताई असं म्हनत्यात, ताई तसं म्हनत्यात." काकू जरा हसल्या. "जॉर्जियाला तर तुमी लई नावं ठेवली व्हती म्हनं. खरं का ओ?"

"हो," मी म्हटलं. "खूप."