व्यायामाला येणारे चाचा

आमच्या यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी यांना दवाखान्यात व्यायामाला यायला सांगितलं. तिथं बिडकीनचे एक चाचाही यायचे. ऑपरेशन त्यांचंही झालेलं. छातीला तारा लावणाऱ्या सिस्टरला सलाम करायचे, टोपी खिशात ठेवायचे आणि चालायच्या मशीनवर चढायचे.

घरी मी यांना पाण्याचा तांब्याही उचलू देत नव्हते. तिसऱ्या दिवशी मशीनवर यांना घाम आलेला बघून मी घाबरले आणि यांना खाली उतरवलं.

चाचा म्हणाले, "बेटी, नवऱ्याला लोणच्यासारखं बरणीत ठेवती का? घाम येऊ दे. इथं बघायला सिस्टर हाय."

मी लाजले. यांना परत तिथं जाऊ मात्र दिलं नाही.

चार महिन्यांनी तपासणीला गेलो, तर चाचा जिना चढून वर आले. हे दहा पावलांत दमून बाकावर बसलेले.

"यायचं का सोडलं रे बेटा?" चाचांनी विचारलं.

"आळस केला, चाचा," हे म्हणाले.

यांनी आळस केला नव्हता. रोज सकाळी चपला घालून मला विचारायचे, "जाऊ का?" मीच यांना बसवायचे. चाचांना तेवढं सांगायला माझं तोंड उघडलं नाही.