डावखुरीचा नंबर

माझी मुलगी डावखुरी. तिने पहिल्यांदा बॅट धरली तेव्हा मला कोण आनंद झाला होता! आता तोच डावेपणा तिच्या आड येतो.

मिहानच्या आयटी पार्कमधल्या आमच्या ऑफिसात अमेरिकेचं काम चालतं. तिकडच्या लोकांशी बोलता बोलता मला बेसबॉलचं खूळ लागलं. मैदानात उतरायचं नाही, कॉम्प्युटरवर खऱ्या खेळाडूंचा संघ चालवायचा. या गेममध्ये प्रत्येक बॅटरला दोन आकडे असतात: उजव्या हाताच्या पिचरसमोर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासमोर, तो कसा, आणि डाव्यासमोर कसा. डावखुऱ्याला डावा पिचर सहसा जड जातो, म्हणून तसा पिचर आला की आपला डावखुरा बाकावर बसवायचा.

माझ्या संघातल्या एका डावखुऱ्याचा डाव्यांसमोरचा आकडा अगदीच मरतुकडा होता. त्यावरून मी नेटवर लोकांशी तावातावाने भांडलो. अरे, खऱ्या सामन्यांत त्याला डाव्यांसमोर उभं तरी कोणी केलं? चार चेंडूंवरून काढलेला आकडा गेमने खरा कसा मानायचा? बाकीच्या डावखुऱ्यांची सरासरी बघा, त्याचा आकडा तिच्याकडे ओढा, तर गेम खरा वाटेल! एवढं भांडूनही मी त्याला बाकावरच ठेवायचो. मुलगी विचारायची, "बाबा, याले काहून बसवून ठेवता?"

"जिंकाचं हाय ना," मी म्हणायचो.

क्रिकेटमध्ये फिरकीचं गणित वेगळं. डावखुऱ्याला छळतो तो उजव्या हाताचा ऑफस्पिनर, कारण त्याचा चेंडू बाहेर वळतो. माझी मुलगी अशा गोलंदाजीवर दोनदा बाद झाली आणि तिच्या कोचने मनाशी खूणगाठ बांधली. समोर ऑफस्पिन सुरू असली की तिचा नंबर खाली. खेळायलाच मिळेना, तर शिक्का पुसणार कसा?

या हिवाळ्यात जिल्हा संघाच्या निवडीचा सामना होता. निवडणारे तंबूत बसले होते. आमची विकेट पडली, आता तिचा नंबर होता आणि समोर ऑफस्पिनर होती. कोच म्हणाले, "थांब वं, हिच्या ओव्हर संपू दे."

तिच्या सगळ्या ओव्हर संपेपर्यंत सामनाच संपला असता. मला राहवेना. मी उठून त्यांच्याजवळ गेलो. "सर, दोनदाच तर आऊट झाली. तेवढ्यावरून का समजते?"

ते चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मंग तुमीच सांगा भाऊ, पाठवू का? पहिल्याच बॉलले गेली तर या लोकायसमोर जाईल. वर्ष जाईल पोरीचं."

नेटवर पाच-पाच परिच्छेद लिहिणाऱ्या मला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. तिचं वर्ष माझ्या एका शब्दावर लटकलेलं मला सहन होत नव्हतं.

ती हेल्मेटचा पट्टा लावत होती. "सर, बाबाले काय विचारून राहिले? मले विचारा ना."

इतक्या महिन्यांत तिला हे कोणी विचारलंच नव्हतं. कोच तिच्याकडे वळून म्हणाले, "जातं का?"

उत्तर द्यायलाही ती थांबली नाही. पहिलाच चेंडू बाहेर वळला आणि बॅटची कड चुकवून कीपरच्या हातात गेला. तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, पुन्हा स्टान्स घेतला.