आवाज बंद केलेला जॅझ

इस्रायलमधल्या डिमोनात आमच्या वरच्या मजल्यावरच्या अंकलकडे एकच व्हिडिओ कॅसेट होती. बंद पडलेल्या बेकरीत तरणी पोरं जुन्या वळणाच्या जॅझचा बँड काढतात आणि त्यांना हाकलायला आलेला घरमालकच शेवटी नाचायला लागतो, असा इंग्रजी सिनेमा. अंकलनी मुंबईत कॉलेज बुडवून पाहिलेला. शनिवारी संध्याकाळी शब्बाथचा विसावा संपला की अंकल तो लावायचे आणि विनोद यायच्या आधीच हसायचे. खालच्या मजल्यावर नुसता ऐकूनऐकून मला तो तोंडपाठ झाला होता.

मग त्यांची आई गेली. आम्हा मराठी ज्यूंत आईबापासाठी वर्षभर गाणंबजावणं ऐकत नाहीत. मला वाटलं, सुटलो! पण महिना-दोन महिन्यांतच वरून पुन्हा ट्रंपेट ऐकू आला. तणतणत वर गेलो, तर टीव्हीचा आवाज पूर्ण बंद, आणि पडद्यावरच्या पोराबरोबर अंकलच गाल फुगवून "पॅप्पा पारारा" करतायत.

"अंकल, हे गाणंबजावणं नाही?"

"मी ऐकतोय कुठे? मी तर वाजवतोय!"

शेजारी बसलेली त्यांची नात हिब्रूत ओरडली, "दाय, साबा!" म्हणजे, पुरे, आजोबा. पण ठेका तिच्याही पायात होता. मी बसलो. मग दर शनिवारी बसू लागलो.

वर्ष सरलं. अंकलनी आईच्या नावाने मलिद्याचा विधी केला, सगळ्यांना पोहे-खोबरं वाटलं आणि थाटात टीव्हीचा आवाज सोडला. खरा ट्रंपेट वाजला, स्वच्छ आणि सुरेल. आम्ही एकमेकांची तोंडं बघू लागलो.

शेवटी मीच उठून आवाज बंद केला.

"हं अंकल, वाजवा."