भातोडीचं पाणी

डॉक्टर गेल्याची बातमी मला रस्त्यात कळली. लेकीकडे नगर जिल्ह्यातल्या अकोले गावी गेलो होतो. जावयाबरोबर भंडारदरा बघून परतताना घाटात मोबाईलची रेंज गेली आणि राजूरच्या जवळ आल्यावर फोन एकदम वाजायला लागला... शेवगावहून, नगरहून, पुण्याहून. इतके फोन एकदम आले म्हणजे काय झालं असेल हे कोणी सांगावं लागत नाही. मी जावयाला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. खाली भाताची खाचरं होती, बायका वाकून लावणी करत होत्या. मी त्यांच्याकडे बघत बराच वेळ उभा राहिलो. शेवटी डॉक्टरांच्या पत्नीला, सुनंदावहिनींना, फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "सर, झोपेतच गेले. तुम्ही सावकाश या."

डॉ. गौतम पगारे शेवगावचे दातांचे डॉक्टर. मी तिथल्याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. माझी अक्कलदाढ सडली आणि आमची ओळख झाली. दाढ उपटून झाल्यावर, तोंडात कापसाचा बोळा असल्यामुळे मला काही बोलता येत नसताना, ते म्हणाले, "सर, तुम्हाला लढाई खेळता येते का?" मी मान हलवून नाही म्हटलं. "मग वर चला." दवाखान्यावरच्या खोलीत मांडवातली बाकडी जोडून, त्यांवर प्लायवूड टाकून एक अवाढव्य टेबल केलेलं होतं. त्यावर टेकड्या, ओढे, बाभळीची झाडं आणि या सगळ्यांत उभी असलेली फौज. बोटाच्या एका पेराएवढा एकेक सैनिक. घोडेस्वार, बंदूकवाले, तोफा ओढणारे बैल, अंबारीचे हत्ती. दुखरा गाल धरून मी त्या टेबलाभोवती फिरत राहिलो. कापूस बदलायचाही विसरलो.

मुंबईत शिकत असताना होस्टेलवर कुणाकडे तरी त्यांनी एक परदेशी मासिक पाहिलं होतं. जुन्या लढाया टेबलावर मांडून, फासे टाकून खेळणाऱ्या माणसांचे फोटो त्यात होते. सगळ्या लढाया तिकडच्या, चिलखतातल्या सरदारांच्या. डॉक्टरांनी ठरवलं, आपण आपल्याकडच्या खेळायच्या. सैनिक विकत मिळणार नव्हते, मग ते त्यांनी घडवले. कवळी करण्याचं मेण कोरून आकृती करायची, प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा आणि त्यात कवळीचंच मटेरियल ओतायचं. त्यामुळे रंग देण्याआधी त्यांची सगळी फौज हिरड्यांसारखी गुलाबी दिसायची. अंतर मोजायला त्यांनी दोरे केले होते. घोड्यांचा लांब, पायदळाचा मध्यम, हत्तीचा आखूड. आपली पाळी आली की ज्याने त्याने आपली माणसं दोऱ्याएवढी पुढे सरकवायची. दोन फौजा भिडल्या की फासे टाकायचे. नियम त्यांचेच. त्यातला एक फार कडक होता. हलवताना ज्याच्या हातून सैनिक आडवा पडेल, त्याचा तो सैनिक मेला. "धांदल करणाऱ्या सेनापतीची माणसं अशीच मरतात," असं ते म्हणत. मी धांदरट. माझी निम्मी फौज लढाईआधीच मरायची.

पण मी चकित झालो ते त्या सैनिकांचे चेहरे पाहून. एका रविवारी डॉक्टरांनी मला भिंग दिलं आणि म्हणाले, "बघा, कोणी ओळखीचं सापडतंय का." बाजारपेठेतला भेळवाला भाला घेऊन उभा होता. आमच्या कॉलेजचा शिपाई तोफेला बत्ती देत होता. माणसाचा चेहरा जबड्यावर उभा असतो आणि तालुक्यातले जबडे डॉक्टरांनी आयुष्यभर हाताळले होते. सरदारांचे चेहरे मात्र त्यांनी कधी नीटसे कोरले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "त्यांची चित्रं आहेत की ठिकठिकाणी."

पारूबाई म्हणून एक म्हातारी ऊसतोडीला जायची. तिचा नवरा गेल्याला काही वर्षं झाली होती. एकदा कवळी बसवायला आली तेव्हा डॉक्टर तिला वर घेऊन आले आणि कुदळ उगारलेला एक बेलदार तिच्या तळहातावर ठेवला. भिंगातून तिला धड दिसेना. मग ती खिडकीपाशी गेली, उन्हात धरून तिने तो पाहिला. "ह्ये तर आमचं मालक हायती," ती म्हणाली. "हनुवटी बगा ना कशी, वाकडी... बैलानं मारल्याली." मी घेऊन जाऊ का, असं तिने विचारलं नाही. थोड्या वेळाने सैनिक परत देत म्हणाली, "आसू द्या हितंच. चार मानसांत हायती, बरं हाय."

त्यांची सगळ्यांत लाडकी लढाई भातोडीची. नगरपासून जवळच हे गाव. चारशे वर्षांपूर्वी तिथे मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकत्र आल्या होत्या आणि त्यांच्यासमोर निजामशाहीची तुलनेने लहान फौज होती. निजामशाहीच्या हबशी सेनापतीने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला आणि ती प्रचंड फौज मोडली. मोटारसायकलवरून आम्ही कितीदा तरी तिथे गेलो. डॉक्टर उतारावर बसायचे, मुठीत माती घ्यायचे. "बांध फोडायचा हुकूम कोणी दिला ते लिहून ठेवलंय, सर," ते एकदा म्हणाले. "कुदळ कोणी मारली? ती माणसं पाण्यात उभी होती. पहिला लोंढा त्यांच्याच अंगावर आला असणार." ते पगारे, गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आलेले, त्यांच्या आजोबांनी धम्म स्वीकारलेला. असलं काही ते आवाज चढवून कधी बोलत नसत. मातीकडे बघत बोलत.

मग त्यांचा हात कापायला लागला. आधी करंगळी, मग मनगट. कंपवात आहे हे त्यांनी स्वतःच ओळखलं. नगरच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं तेव्हा शेवगावला परत येऊन त्यांनी दवाखान्याची पाटी उतरवली. मी समजूत घालायला गेलो. ते म्हणाले, "सर, लोकांच्या तोंडात सुई घालायची असते."

त्याच हिवाळ्यात कौस्तुभ आला. पुण्यातला इंजिनिअर, असले खेळ खेळणाऱ्यांत नावाजलेला. डॉक्टरांच्या फौजेचे फोटो पाहून मित्रांना घेऊन शेवगावात दाखल झाला. टेबलाभोवती फिरून एकेक चेहरा त्याने वाकून पाहिला. मग म्हणाला, "काका, भातोडी खेळू या? मी मोगलांकडून." डॉक्टरांचे डोळे चमकले. मी मात्र घाबरलो. त्या हाताने ते खेळणार कसे?

खेळ सकाळी सुरू झाला. कौस्तुभला इतिहास पाठ होता. त्याने छावणी तलावाखालच्या सखल भागात टाकलीच नाही. लांबच्या उंच टेकाडावर तोफा आणि हत्ती नेऊन बसवले. डॉक्टरांची पाळी आली. त्यांनी घोडदळाला हात लावला आणि त्या हाताने दगा दिला. एक घोडेस्वार आडवा, त्याच्या धक्क्याने दुसरा... बघता बघता एक सबंध तुकडी लोळली. कौस्तुभ हळूच म्हणाला, "काका, उभे करा ना ते. तो नियम आज नको."

"नियम माझाच आहे," डॉक्टर म्हणाले. "माझा हात कापतो हे त्या घोडेस्वाराला काय माहीत? त्याच्यापुरता तो मेलाच." आणि पडलेले सगळे घोडेस्वार त्यांनी स्वतः वेचून टेबलाबाहेर ठेवले.

त्यानंतर त्यांनी घोडदळाला हात लावला नाही. पाळीमागून पाळी गेली आणि ते फक्त ते मूठभर बेलदार बांधाकडे सरकवत राहिले. दात कोरताना हात स्थिर राहावा म्हणून दातांचे डॉक्टर एक बोट पेशंटच्या हनुवटीला टेकवतात; तसंच त्यांनी एक बोट टेबलाला टेकवलं होतं. तरी हात थरथरत होता. कपाळावर घाम होता. प्रत्येक बेलदार टेबलावर टेकला की आम्ही सगळे श्वास सोडायचो. कौस्तुभला राहवेना. "काका, खाली कोणीच नाही. पाणी कोणावर सोडताय?"

"कोणावरच नाही," डॉक्टर म्हणाले.

बांध फुटला. पारूबाईच्या मालकांचा चेहरा असलेला बेलदार सगळ्यांत पुढे होता. पाणी म्हणून डॉक्टर जुन्या एक्स-रेच्या निळसर फिल्म वापरत. दर पाळीला एकेक फिल्म ओढ्याच्या वळणाने पुढे पुढे मांडत ते गेले, आणि मग आम्हाला दिसलं. तो ओढा टेकाडाला वळसा घालून मागे जात होता. आणि कौस्तुभचे दाणापाण्याचे बैल ओढ्याच्या पलीकडे होते. टेकाडावर पाण्याचा थेंब आला नाही, पण टेकाडाचं बेट झालं. वैरण तुटली की फौजेचा दोरा निम्मा होतो, हाही नियमच. कौस्तुभला खाली उतरावंच लागलं. हत्ती चिखलात, तोफा चिखलात, घोडदळ वाट शोधत विस्कटलेलं. त्याला आता सगळंच घाईने हलवायचं होतं, आणि त्या घाईत त्याच्या धडधाकट हातातून हत्ती आडवे पडायला लागले. डॉक्टरांची फौज कोरड्या काठावर सकाळपासून उभी होती तशी उभी होती. शत्रूच तुकड्यातुकड्यांनी तिच्यापर्यंत येत होता. त्यांना फक्त फासे टाकायचे होते, आणि फाशांना थरथरणारा हात चालतो.

मी त्यांच्याशी अर्धं आयुष्य खेळलो, पण असं काही पाहिलं नव्हतं. ज्या हाताने त्यांचा धंदा नेला, त्या हाताला झेपेल तेवढंच त्यांनी केलं आणि बाकी सगळं पाण्यावर सोडलं.

शेवटची फिल्म त्यांच्या हातात होती. ती उत्तरेच्या वाटेवर ठेवली असती तर कौस्तुभची सगळी फौज कोंडली गेली असती. डॉक्टरांनी ती खाली ठेवलीच नाही. "ही वाट मोकळी," ते म्हणाले.

"का, काका? संपवा ना."

"अरे, यांना घरी जायला वाट नको का?"

कौस्तुभने हातातला दोरा खाली ठेवला. टेबलाला वळसा घालून आला आणि त्यांच्या पाया पडला. पाया पडलेलं डॉक्टरांना आवडत नसे, ते त्याच्यावर ओरडले आणि मग जिन्यातून खाली वहिनींना हाक मारून म्हणाले, "चहा टाका. माझा अर्धाच कप, सांडतो." सगळे हसलो.

त्यानंतर त्यांनी पुन्हा अशी लढाई खेळली नाही. आजार वाढत गेला. मी जायचो, खुर्ची ओढून टेबलाजवळ बसायचो, एकटाच लढाई मांडायचो, ते बघायचे. शेवटी शेवटी शब्दही अडखळायचे... पण टेकडी चुकीच्या जागी ठेवली तर बोटाने दाखवायचे.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे डॉक्टरांच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, कौस्तुभ आला होता. बुद्धवंदना झाली, लोक जेवून पांगले. त्याने अदबीने विचारलं, फौज पुण्याला नेऊ का, नीट काचेत ठेवू. वहिनी म्हणाल्या, "दोन आठवडे थांबा. सांगते."

गेल्या रविवारी त्यांनी मला बोलावलं. मला वाटलं आवराआवर करायची असेल. वर गेलो तर टेबल स्वच्छ पुसलेलं, दोन्ही फौजा समोरासमोर मांडलेल्या आणि वहिनी कमरेला पदर खोचून मोगलांच्या बाजूला उभ्या. "सर, इतकी वर्षं मी खालीच राहिले," त्या म्हणाल्या. "ह्यांनी कितीदा बोलावलं, मला कधी सवड झाली नाही. नियम सांगा. हत्ती माझ्याकडे राहतील."

मी नियम सांगितले. त्यांनी ऐकले, एकदोन शंका विचारल्या. मग हत्तीचा आखूड दोरा घेतला, ओढ्याकाठी बाभळीच्या मागून धरला आणि पहिला हत्ती तिथे नेऊन ठेवला, हात जराही न थरथरता. "चालेल ना असं?"

मी त्या हत्तीकडे बघतच राहिलो. त्या बाजूने यायचं इतक्या वर्षांत आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.