ताईला आडनाव नव्हतं

मार्च २००६, शनिवार. सकाळचं काम : शाळेच्या पार्किंगमध्ये नारिंगी शंकू मांडणे.

शाळा भाड्याने घेतलेली. आत आमच्या भागातल्या मराठी मंडळाचा महिला दिन. विषय होता, 'स्वतःचं नाव, स्वतःचा ब्रँड'. त्यावर मी बोलणार होते. आता मी चमकणारं जाकीट घालून बाहेर उभी होते. इकडे या. थोडं मागे. बास.

येणाऱ्या निम्म्याअधिक बायकांना गाडी मीच शिकवलेली. काचा खाली होत होत्या.

"अय्या ताई, तुम्ही इथे?"

"ताई, बघा हं, एका झटक्यात लावते!"

लावायच्या. हात हलवायच्या. साड्या सावरत आत जायच्या.

माझी न्यू जर्सीत ड्रायव्हिंग स्कूल आहे. नवऱ्याची नोकरी २००१ मध्ये गेली, तेव्हा शेजारणींना शिकवायला सुरुवात केली. मग रीतसर लायसन्स काढलं, शिक्षकाच्या पायाखाली दुसरा ब्रेक असलेली गाडी घेतली. मग आणखी दोन गाड्या आणि हाताखाली दोघी शिकवणाऱ्या. दारांवर लिहिलेलं : ताईज ड्रायव्हिंग स्कूल. नाव लोकांना फार आवडलं. किती घरगुती! मी ते घरगुती म्हणून ठेवलं नव्हतं. ताईला आडनाव लागत नाही, म्हणून ठेवलं होतं.

आम्ही बौद्ध. आधीचे महार. आमचं आडनाव ऐकलं की महाराष्ट्रातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. लग्नानंतर पुण्यात एका घरमालकिणीने आधी चहा दिला, मग आडनाव विचारलं, मग ती खोली भाच्याला लागणार असल्याचं तिला आठवलं. अर्धा कप चहा तसाच राहिला. इथे आल्यावर मी ठरवलं, चहा पूर्ण प्यायचा. आमच्या दिवाणखान्यात बुद्ध आहे. पण अमेरिकेत तो सगळ्यांच्याच दिवाणखान्यात असतो, शोभेला. त्यामुळे आमचाही खपून गेला.

पण भीती खपत नाही. नवीन बाईचा फोन आला की पुढचं काही विचारायच्या आत मी वेळ आणि फी सांगून टाकायची. मूळच्या कुठल्या, हा प्रश्न आला की मी म्हणायची, "सिग्नल बघा." लोकांना वाटायचं, ताई किती शिस्तीच्या.

फेब्रुवारीत प्रतिभावहिनींचा फोन आला. मंडळाचं सगळं त्याच बघतात.

"फ्लायरवर पूर्ण नाव टाकायचंय हो ताई."

"नुसतं ताई टाका."

"असं कसं? आता तुम्ही बिझनेस लीडर! सांगा, सांगा."

सांगितलं. कधीतरी सांगावंच लागणार होतं.

त्यांनी लिहून घेतलं. मग, "अच्छा. म्हणजे मूळ गाव कुठलं?"

गाव सांगितलं.

"बरं बरं."

फोन ठेवला आणि मी सिंकपाशी जाऊन उभी राहिले. नळ सोडला. भांडी नव्हतीच घासायला.

आठवडाभराने परत फोन. कार्यक्रम लांबतोय. कमिटीत ठरलं. भाषण घरं विकणाऱ्या एक बाई करतील, त्यांना सवय आहे. "आणि तुम्ही पार्किंग बघाल ना? तुमच्याइतकं कोणाला जमणार?" मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. नाही म्हटलं असतं तर का ते विचारलं गेलं असतं.

शिकताना ह्याच प्रतिभावहिनी हायवेवर चढायच्या रॅम्पवर माझं मनगट धरून रडल्या होत्या. "ताई, मला नाही जमणार." मी म्हटलं होतं, "रॅम्पच्या टोकाला थांबायचं नाही वहिनी. थांबलात की मागचा येऊन धडकतो. वळून बघा आणि घुसा." घुसल्या. नंतर गाडीतच मला मिठी मारली.

आता त्या मधल्या सुट्टीत बाहेर आल्या. पाण्याची बाटली आणली होती. माझा हात पुढे झाला होता. त्यांनी ती शेजारच्या एका गाडीच्या बॉनेटवर ठेवली. मुद्दाम की सहज, मला आजही माहीत नाही. ह्यालाच भीती म्हणतात. एक बाटली कुठे ठेवली, ह्यावर माणूस वर्षानुवर्षं विचार करतो.

"रागावू नका हं," त्या म्हणाल्या. "मी तुमच्या भल्याचं सांगते. ताई हेच नाव ठेवा. ब्रँड झालाय तुमचा. आडनाव कशाला मध्ये? आपल्या लोकांचं तुम्हाला माहितीये."

मी एक शंकू सरळ केला.

मग त्यांनी आवाज खाली आणला. "काळजी करू नका. मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही."

मला कळलं की आता मी ह्यांची झाले. दरवर्षी पार्किंग. दरवर्षी हो. सांगणार नाही म्हणून आयुष्यभर आभार.

तेवढ्यात माझी मुलगी फॉइल लावलेली प्लेट घेऊन आली. पंधरा वर्षांची, आत खुर्च्या लावत होती. "आई, दे सेड यू कॅन ईट इन द कार." मग तिने माझ्याकडे पाहिलं, जाकिटाकडे पाहिलं. "व्हाय आर यू द पार्किंग लेडी? इट वॉज युअर टॉक."

वहिनी हसल्या. "अगं, आई आमची सगळ्यात मोठी हेल्प आहे!"

मुलगी हसली नाही. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. मला दिसलं, की आता मी जे सांगेन ते ही शिकेल. आडनाव तिचंही तेच आहे.

"वहिनी," मी म्हटलं. जाकिटाची चेन उघडली. परत म्हटलं, "वहिनी, तुम्ही कुणाला सांगू नका."

"नाही हो, म्हटलं ना!"

"तुम्ही नका सांगू. मी सांगणार आहे."

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, नुसतं त्याच्यातलं काहीतरी गेलं. "ताई, धंदा बसेल तुमचा."

"बसेल."

जाकीट काढलं. बॉनेटवर ठेवलं, बाटलीशेजारी. मुलीला घेऊन गाडीत बसले, किल्ली पहिल्या वेळी लागली नाही. पार्किंगमध्ये मागे कोणीतरी हॉर्न वाजवायला लागलं.

जेवताना नवरा म्हणाला, "सोमवारपासून फोन थांबतील. दोघींना पगार द्यायचाय आपल्याला."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय. फोन थांबायची भीती पाच वर्षं बाळगली. थांबू देत एकदा."

त्याने ताटातला शेवटचा घास संपवला. मग म्हणाला, "तिन्ही गाड्यांवर लिही. एकीवर लिहून अर्धवट नको."

रविवारी सकाळी हार्डवेअरचं दुकान उघडताच गेले. पत्रपेटीवर चिकटवायची काळी अक्षरं मिळतात, ती घेतली. दारं पुसली. थंडीने बोटं वळत नव्हती. मुलीने पट्टी धरली, मी अक्षरं लावली. माझं नाव आणि आडनाव, पूर्ण. खाली ड्रायव्हिंग स्कूल आधीचंच. ताई खरवडून काढलं.

अकराच्या क्लासच्या बाईचा फोन आला. बरं नाही, म्हणाली. तिच्याकडे वहिनींचा फोन गेला असेल, किंवा तिला खरंच बरं नसेल. मी विचारलं नाही.

मी गाडी काढली. भीती गेली नव्हती. बसली होती शेजारच्या सीटवर. बसू दे. घाबरलेल्या बाईला शेजारी बसवून भर रस्त्यात नेणं, हाच तर माझा धंदा.

ओक ट्री रोडवर सगळी आपल्या लोकांची दुकानं; रविवारी सकाळी सगळे तिथे भाजीला येतात. वाण्याच्या दुकानासमोर जागा होती. नावाचं दार फुटपाथकडे येईल अशी गाडी लावली, उतरले, आणि दाराशेजारी उभी राहिले.