दादाचा रिपोर्ट मी वाचला होता

हे मी आजवर कुणापुढेच बोललो नाही. बायकोपुढेही नाही.

आमच्या घरात सुटलेलं पोट कुणालाच नव्हतं. बाबा गेले, तसा थोरला दादा शाळा सोडून मलकापुरात कापसाच्या गाड्या खाली करायला लागला. शिकलो मी एकटा. घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट — आणि हो, त्याचा मला आजही गर्व आहे. नोकरी लागली, पोट सुटलं, तर आई म्हणाली, "आता कुठं भरल्या घरचा दिसून राह्यला."

मग सोनोग्राफीत निघालं — लिव्हरवर चरबी. रक्ताची तपासणी मात्र नॉर्मल. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं: रक्त चांगलं आलं म्हणजे लिव्हर चांगलं, असं नाही; वजन उतरवा. घरी मी अवाक्षर काढलं नाही. का? आमच्याकडे लिव्हर म्हटलं की दारू. मी आयुष्यात थेंब घेतला नाही — पण कोण मानणार? गल्लीतल्या पोरांना दारूवरून भाषणं देणारा मीच ना!

पुढे दादाची तपासणी झाली. तो आता ऑटो चालवतो, दिवसभर बसून. त्याचंही तेच — रक्त नॉर्मल, सोनोग्राफीत चरबी. इंग्रजी रिपोर्ट त्यानं माझ्यापुढे धरला.

"वाच बे साहेब, काय लिवलं? तुही वहिनी उगीच भिऊन राह्यली."

मला सगळं कळत होतं. पण सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, तुले कसं माहीत? एवढ्यासाठी गप्प बसलो? हो — एवढ्यासाठीच.

"रक्त नॉर्मल हाये दादा. खाय बिनधास्त."

"पाह्य," तो वहिनीला म्हणाला, "शिकेल माणूस सांगून राह्यला." आणि समोरची जिलेबी उचलली.

मी मात्र साखर सोडली, तळलेलं सोडलं, पहाटे चालायला लागलो. दादा ऑटो थांबवून चिडवायचा — "काऊन बे, गाडीतलं पेट्रोल सरलं का?" मी हसायचो. तेव्हा तरी सांगता आलं नसतं?

यंदा कळलं, दादाचं लिव्हर कडक व्हायला लागलंय. गल्ली म्हणते, चोरून पीत असेल. तर ऐका — दादा पीत नाही. कधीच प्याला नाही. न पिताही लिव्हरवर चरबी चढते, रक्त नॉर्मल असूनही चढते. हे मला तेव्हाच माहीत होतं. बोट दाखवायचं तर माझ्याकडे दाखवा.

माफी मागत नाही. दादाची पोरगी कॉलेजात आहे. मी लिहिलेलं हे ती त्याला वाचून दाखवेल.

माझं वजन उतरलं. माझी सोनोग्राफी साफ आली.