गुलछडीचे कंद

“माय मेली, पण पोरीच्या डोळ्यात टिपूस नाही. कॉन्व्हेंटात हेही शिकवत असतीन,” शेजारच्या शांताकाकू कुंपणापलीकडून आपल्या जावेला म्हणाल्या.

मी अंगणात होल्डॉलचे पट्टे आवळत होते. दिल्लीला टायपिस्टची नोकरी लागली होती. दारव्ह्याहून छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून पुढे मोठी गाडी. काकूंचं बोलणं ऐकलं आणि पट्टा आणखी एक भोक पुढे ओढला.

आई दिवाळीनंतर तापानं गेली. मागच्या अंगणात तिचे गुलछडीचे वाफे होते. पावसाळाभर छड्या यायच्या, हिवाळा सरताना पानं पिवळी पडायची. मग आई पाणी बंद करायची. “आता झोपू दे त्याइले,” म्हणायची. पानं वाळली की खुरप्यानं कंद उकरायचे, माती झटकून माजघरात सावलीला पसरायचे. पावसाच्या तोंडाशी पुन्हा लावायचे. नागपूरच्या कॉन्व्हेंटच्या होस्टेलातून मी सुट्टीवर आले की ते लावण्याचं काम माझं.

बाबा कचेरीत हेडक्लार्क. आई होती तोवर ते त्या अंगणात फक्त हातपाय धुवायला जात. त्या वर्षी पानं पिवळी पडू लागली तसे ते घाबरले. सकाळ-संध्याकाळ विहिरीवरून बादल्या आणून वाफे भरू लागले.

“तहान लागली असन,” ते म्हणायचे. “तुह्या आईनं कधी वाळू नाही दिलं. ती काय म्हणन?”

घरात आम्ही दोघंच. ती गेली, हे एकमेकांशी आम्ही कधी बोललोच नव्हतो. तिचं लुगडं वलणीवर तसंच होतं. इतक्या पाण्यानं कंदांचं काय होईल ते मला कळत होतं. पण बादली हातात असली की बाबा ताठ चालत. एरवी कचेरीतून आले की खुर्चीत भिंतीकडे बघत बसत.

इथे दिल्लीत या फुलांना रजनीगंधा म्हणतात. साहेबांच्या टेबलावर फ्लॉवरपॉटमध्ये असतात. डिक्टेशन घ्यायला जाते तेव्हा मी श्वास जरा रोखूनच बसते. इथल्या होस्टेलच्या बाल्कनीत कुंड्या ठेवायला मॅट्रनची हरकत नाही. मी एकही ठेवलेली नाही. बाबा पत्रात हवापाणी लिहितात, मी पगार झाला म्हणून कळवते. मैत्रिणी ‘घर’ म्हणतात तेव्हा त्यांना माणसांनी भरलेली खोली दिसत असेल. मला तो ओला वाफा दिसतो आणि त्याच्या कडेला एकटे उभे असलेले बाबा.

निघायच्या त्या दिवशी टांगा दाराशी लागला तेव्हा बाबा खुरपं घेऊन मागच्या अंगणाकडे वळले. “थांब बेटा, थोडे कंद देतो. तिकडं कुंडीत लाव. आईचे आहेत.”

मी मागोमाग गेले. खुरपं मातीत फारच सहज गेलं. वर आलेला कंद त्यांच्या बोटांत फुटला. आतून तपकिरी लगदा, कुजका वास. त्यांनी दुसरा काढला. तोही तसाच. मग खुरपं टाकून ते दोन्ही हातांनी अख्खा वाफा उकरू लागले.

“साहेब, गाडी चुकन ना!” टांगेवाला ओरडला.

“पाणी तर रोज देऊन राह्यलो होतो वं मी,” बाबा माझ्याकडे बघून म्हणाले. “आता तिले काय सांगू?”

मी चिखलात त्यांच्याशेजारी बसले. त्यांचे हात धरले.

“बाबा, आई गेली,” मी म्हणाले. “ती आता काहीच विचारणार नाही.”